फवारणी नंतर, आधी नीट बघा

जास्वंदीवर पांढरं दिसलं की लगेच निमतेलाची बाटली काढू नका. कापसासारखे पुंजके कळ्यांच्या देठाला चिकटून असतील आणि जागचे हलत नसतील, तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. पण त्याच पुंजक्यात मेणाच्या लांब झुपक्यांचं, जरा मोठं काहीतरी तुरुतुरु फिरताना दिसलं, तर हात आवरा! ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असू शकते, आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. काडीने हळूच डिवचून पाहा: ढेकूण जेमतेम सरकतो, अळी पळते.

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसते ना, तीही भिंगातून बघा. लिंबाळी फुलपाखराची लहान अळी हुबेहूब तशीच दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि धक्का लागला तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. चावत नाही. रोप अगदीच लहान असेल तर तिला मोठ्या झाडावर हलवा. त्याला चार पानं गेल्याने काही होत नाही.

मावा ही कीड ओळखणं सोपं. कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटी, पानं चिकट, मुंग्यांची ये-जा. तिथेच पानावर केसासारख्या बारीक देठांवर उभी अंडी दिसली, तर ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची. ती अजिबात पुसू नका, त्यातल्या अळ्या मावा फस्त करतात.

कीड ओळखण्यासाठी फोटो काढताना पानाची खालची बाजूही घ्या आणि झाडाचं नाव टिपून ठेवा. झाड कोणतं ते कळल्याशिवाय अळी ओळखणं मलाही अवघड जातं.