रंध्याच्या पात्याला घरच्या घरी धार कशी लावावी?

हातरंध्याचं पातं असेल तर ग्राइंडरवर नेऊच नका. कड तापून निळी पडली की पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच. जाड काचेवर वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) ओला करून पसरा: आधी ४०० नंबरचा, मग १०००, शेवटी २०००. उताराची (तिरकी कापलेली) बाजू २५ ते ३० अंशांत टेकवून घासा. हात डुलला की कड गोल होते, म्हणून सावकाश. पात्याच्या पाठीवरून, म्हणजे सपाट बाजूवरून, कडेबाहेर बोट ओढल्यावर बारीक खरखर लागली की थांबा. आता पाठ कागदावर पूर्ण सपाट ठेवून दोन-चार हलके हात मारा, खरखर निघेल. पाठ जराही उचलायची नाही, बहुतेक जण इथेच घोळ घालतात. इलेक्ट्रिक रंध्याची कार्बाइडची (पोलादाहून खूप कठीण) पाती मात्र यावर घासत बसू नका. ती बहुधा दुधारी असतात, उलटून लावा.