वाचकांचे प्रश्न : गुणसंवर्धित अन्न आणि राष्ट्रीय संशोधन केंद्राची गरज

प्रश्न : मी महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते. तांदूळ, मीठ, तेल, दूध अशा पदार्थांत जीवनसत्त्वे आणि खनिजे मिसळून ते फोर्टिफाइड म्हणजे गुणसंवर्धित करण्याचे काम देशभर चालू आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था असताना या विषयासाठी आणखी एक राष्ट्रीय संशोधन केंद्र उभारण्याची गरज आहे का? (एक शिक्षिका, अमरावती)

उत्तर : माझ्या मते गरज आहे, आणि तिचे कारण समजून घेण्यासाठी मिठाच्या उदाहरणाकडे जावे लागते. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड घरोघरी दिसत असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या खोऱ्याचे तीन विभाग केले, दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरवले, आणि काही वर्षांनी शाळकरी मुलांची पुन्हा तपासणी केली. आयोडीन मिळालेल्या विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरलेले दिसले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो या अनुभवाच्या आधारावर. आधी मोजणी आणि मग धोरण, हा क्रम त्या वेळी पाळला गेला.

तांदळाच्या बाबतीत हा क्रम पाळला गेला नाही. पंधरा राज्यांत प्रत्येकी एक जिल्हा निवडून २०१९-२० पासून तीन वर्षांची प्रायोगिक योजना आखली गेली होती आणि महाराष्ट्रात त्यासाठी गडचिरोलीची निवड झाली होती. ही योजना चालू असतानाच १५ ऑगस्ट २०२१ रोजी, २०२४ पर्यंत सर्व सरकारी योजनांतून गुणसंवर्धित तांदूळ दिला जाईल, अशी घोषणा झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी योजनांतील या तांदळाच्या पुरवठ्याला डिसेंबर २०२८ पर्यंत मुदतवाढ दिली आणि त्यासाठी १७,०८२ कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. एवढा खर्च करताना त्याचा परिणाम स्वतंत्रपणे तपासणारी कायमस्वरूपी यंत्रणा सोबत असायलाच हवी होती.

आपण उल्लेखिलेल्या दोन्ही संस्थांविषयी मला आदर आहे. हैदराबादच्या संस्थेचा आरंभ १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरी या रोगाच्या शोधातून झाला, आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा हा रोग कोंडा काढून पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना होत असे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हैसूरची संस्था १९५० पासून प्रक्रियेचे तंत्र विकसित करत आली आहे. मात्र कारखान्यातील मिश्रणापासून माणसाच्या रक्तापर्यंतची सगळी साखळी सलग तपासणे हे यांपैकी एकाही संस्थेचे मुख्य काम नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये गुणसंवर्धनाचे नियम लागू केले आणि त्याच्या प्रसारासाठी साहाय्य केंद्रही चालवले. पण जो प्रसार करतो त्यानेच परिणाम तपासावा, ही व्यवस्था निर्दोष म्हणता येणार नाही. नव्या केंद्राला उत्पादकांचे पैसे नकोत आणि त्याचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याच्यावर हवे.

या साखळीत तपासण्यासारखे पुष्कळ आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात ते मिसळतात. तयार तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे, असा नियम आहे. म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून ४ ते ६ मिलिग्रॅम लोह मिळेल, तर तिच्यासाठी शिफारस आहे २९ मिलिग्रॅमची. त्यातही मिसळ सारखी झाली नाही तर एका पोत्यात हे दाणे जास्त आणि दुसऱ्यात अगदी कमी, असे होऊ शकते. गोदामात किती महिने गेले, अंगणवाडीत तांदूळ किती वेळा धुतला, भाताची पेज काढून टाकली का, जेवणावर लगेच चहा घेतला का, या प्रत्येक गोष्टीवर शरीराला शेवटी काय मिळते ते अवलंबून असते.

रक्ताची मोजणी कशी होते, हाही संशोधनाचा विषय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांखालील ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. ही तपासणी बोटातून काढलेल्या थेंबावर होती. शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ४१ टक्के होते. वयोगट आणि काळ थोडे वेगळे असले तरी एवढ्या तफावतीचा उलगडा झाल्याशिवाय गुणसंवर्धनाने रक्तक्षय घटला की नाही, हे खात्रीने सांगता येणार नाही. शिवाय सर्वच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होत नाही.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. ते प्लास्टिकचे आहेत का? (एक वाचक, गोंदिया)

उत्तर : नाही. ते वर सांगितलेले, पिठापासून बनवलेले दाणे आहेत. ते निवडून फेकू नयेत, कारण मिसळलेले पोषण त्यांतच असते. ही शंका गावोगावी पसरली याचे कारण मात्र लोकांचे अज्ञान नव्हे. त्यांच्या ताटात काय बदलले, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेच नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आम्ही हा तांदूळ खावा की नाही? (एक पालक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त गुणसंवर्धित अन्न टाळावे, अशी सूचना पूर्वी पाकिटावर छापणे बंधनकारक होते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे ती अनावश्यक ठरवली. रुग्णाला रक्त चढवावे लागते तेव्हा एका पिशवीतून शरीरात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, त्या तुलनेत तांदळातील लोह फार थोडे असते, हे खरे. तरीही आपल्या मुलीला वारंवार रक्त द्यावे लागत असेल, तर तिच्या डॉक्टरांना फेरिटिनची (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी) तपासणी करण्याविषयी विचारावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

राष्ट्रीय केंद्र झाले तर त्याची एक प्रयोगशाळा गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या, सिकलसेलचे रुग्ण जास्त असलेल्या जिल्ह्यात असावी, असे मला मनापासून वाटते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रुग्णांच्या नोंदी होतच आहेत. त्यांतील जे कुटुंबीय संमती देतील त्यांच्या रक्तातील लोहाची काही वर्षे सलग तपासणी झाली, तर आपल्यासारख्या पालकांना त्यांच्याच जिल्ह्यातील रुग्णांच्या नोंदींवरून उत्तर देता येईल.