सोलापुरात बंदुकीचा परवाना असेल, तर आपलं नाव-पत्ता कोणालाही मिळू शकतो का?
सहजासहजी नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये खासगी माहितीला आणि जिवाला धोका होईल अशा माहितीला संरक्षण आहे. किती परवाने दिले, हा आकडा मात्र जरूर मागा.

आमच्या वडिलांची बाराबोर बंदूक शेतातल्या घरी असते. निवडणूक लागली की ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती परवान्याच्या पुस्तकात घडी घालून ठेवायची. एकदा त्या जमा यादीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. आई रात्रभर झोपली नाही. कोणाच्या घरात बंदूक आहे हे चोरालाही कळलं ना!

अशी नावं फुटू नयेत म्हणून नियम बदलून हवा असेल, तर शस्त्रं हा केंद्राच्या सूचीतला विषय, म्हणजे त्यावर कायदा संसद करते; त्यामुळे आमदारापेक्षा खासदाराला गाठा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम संसदेपुढे ठेवावेच लागतात.