व्यायामाचा तास : गाडी काढून फिरायला जावं का? (जुलै २०२०, करोनाच्या दिवसांतली प्रश्नोत्तरं)

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. माझं वय ५६, आठ वर्षांपासून मधुमेह आहे. सदर बझारात राहतो. लॉकडाऊनच्या आधी रोज पहाटे तासभर चालायचो. एप्रिल-मे घरात बसून काढले आणि जेवणानंतरची साखर अडीचशेच्या घरात गेली. ३ जूनपासून सरकारने फिरायला मोकळीक दिली खरी, पण आमच्या रस्त्यावर सकाळी एवढी माणसं असतात की चालायचीच भीती वाटते. म्हणून गेले तीन रविवार मी पहाटे साडेपाचला गाडी काढतो, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागतो, कडेला गाडी लावून तासभर एकटाच चालतो आणि परत येतो. कुणाला भेटत नाही, कुठे चहासुद्धा घेत नाही. मुलगी म्हणते, ‘बाबा, हे बरोबर नाही.’ भाचा इंग्लंडमध्ये डर्बीला असतो. तो म्हणतो, तिकडे मे महिन्यापासून गाडीने कितीही लांब जाऊन फिरता येतं. मी कुणाचं काय बिघडवतोय, ते खरंच कळत नाही.
– स. द., सातारा

उत्तर : आधी साखरेचं बोलू. अडीचशे हा आकडा अंगावर काढायचा नसतो. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. गोळ्या वाढवायच्या की नाही ते त्यांना ठरवू दे. चालणं तुमच्यासाठी औषधाच्या जागी आहे, आणि ‘अशा दिवसांत कसला आलाय व्यायाम’ म्हणणाऱ्यांशी मीच भांडत असते. चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे. बसून राहिल्याने माणसाचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

आता नियम. ३१ मे २०२०चा राज्य सरकारचा आदेश मी काढून वाचला, कारण अर्ध्या गावाने तो फक्त व्हॉट्सअॅपवर ऐकलाय. पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात व्यायामाला बाहेर पडता येतं. चालणं, पळणं, सायकल सगळं चालतं, पण एकट्याने आणि थोड्या वेळापुरतं. जागा घराजवळची मोकळी हवी, आणि लांबचा प्रवास करता येणार नाही हे त्यात वेगळं लिहिलंय. गर्दीची मैदानं टाळा, असंही सांगितलंय. कासचा रस्ता सदर बझारच्या जवळ आहे असं तुम्हीही म्हणणार नाही. म्हणजे नियमाने उत्तर ‘नाही’ असंच आहे. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश मधूनमधून बदलतात, हा अंक हाती पडेपर्यंत आणखी काही निघालं असेल तर तेच धरा.

पण तुम्ही नियम विचारला नाहीत. तुम्ही विचारलंत, मी कुणाचं काय बिघडवतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुमचा भाचा खोटं बोलत नाही. इंग्लंडमध्ये १३ मेपासून गाडीने कितीही अंतरावर जाऊन फिरायला परवानगी मिळाली. पण त्याच्याच डर्बीशर भागात मार्चच्या अखेरीस पोलिसांनी कर्बर एज नावाच्या डोंगरकड्यावर ड्रोन उडवला आणि गाड्या लावून फिरणाऱ्या लोकांचं चित्रीकरण सगळ्या देशाला दाखवलं. त्यावर केवढा वाद झाला! एक बाजू म्हणे, उघड्या माळावर दोन माणसं चालली तर रोग कुणाला होतो? दुसरी म्हणे, सगळेच आले तर? एप्रिलमध्ये तिथल्या पोलिसांना मार्गदर्शन आलं की गाडीत घालवलेल्या वेळापेक्षा चालण्याचा वेळ बराच जास्त असेल, तर ते कारण रास्त धरावं. त्या कसोटीला तुम्ही बहुधा उतराल, हे मान्य करते. शेजारच्या वेल्समध्ये मात्र घराजवळच राहायचा नियम होता आणि पाच मैलांचा ठोकताळा होता, तो या ६ जुलैला उठला. फ्रान्समध्ये ११ मेपर्यंत घरापासून एक किलोमीटर, एक तास, आणि खिशात स्वतः भरून सही केलेला कागद. आपल्याकडे मुंबईत पोलिसांनी जूनअखेर दोन किलोमीटरची रेघ ओढली, तर लोक चिडले. सांगायचं एवढंच की किलोमीटरचा आकडा प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवला. आकड्यात खरं-खोटं शोधू नका.

मी कशात शोधते ते सांगते, आणि त्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुम्ही करता तेच केलं. वर्षानुवर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढायची सवय, अडीच महिने गच्चीत कोंडल्यासारखं झालेलं. एका मैत्रिणीला मागच्या सीटवर बसवलं, दोघींनी मास्क लावले, काचा उघड्या ठेवल्या आणि घाट चढून वर गेलो. पाऊस नुकता पडून गेला होता, करवंदीच्या जाळ्या धुऊन निघालेल्या. एक तास असे चाललो की सांगता सोय नाही. परत निघताना गाडी पंक्चर. मी जॅक लावून बघितला, नट हलेना. पन्नास पावलांवर वस्ती होती. तिथला एक पोरगा न बोलावता धावत आला, चिखलात गुडघा टेकून बसला आणि चाक बदलू लागला. तोंडाला काही नाही. मी ‘बाळा, तोंडावर रुमाल बांध’ म्हणाले, तर त्याने गळ्यातला टॉवेल वर ओढला. नट फिरवताना तो दर वेळी खाली सरकायचा. आम्ही दोघी त्याच्यापासून हातभर अंतरावर, कारण एकीने स्टेपनी धरायची आणि दुसरीने नट हातात घ्यायचे.

त्याची आई दारात उभी होती, पदर नाकावर धरून. उंबऱ्याच्या बाहेर आली नाही. काम झाल्यावर मी पैसे पुढे केले, ते पोराने घेतले नाहीत. मग ती तिथूनच म्हणाली, ‘‘बाई, थोरला म्हमईस्नं आला तवा त्याला चौदा दिस शाळंत ठिवला. डबा पायरीवर ठिवायचा आन् मागं सरायचं. पोटच्या पोराला लांबनं बघितला म्या. तुमी मातूर हवा खायाला आलाय व्हय?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही, अजून देता येत नाही.

त्या रस्त्यावरच्या वाड्या-वस्त्यांनी काय केलंय ते आपण शहरात बसून विसरतो. मार्च-एप्रिलमध्ये त्यांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्याला आपण नावं ठेवली. त्यांची निम्मी कर्ती माणसं मुंबईत. ती मे महिन्यात परत आली तेव्हा शाळेच्या खोल्यांत राहिली, गावाने पाणी पुरवलं. म्हातारी माणसं घरात, आणि दवाखाना म्हणजे सातारा. ज्या कासच्या तलावाचं पाणी आपण साताऱ्यात पितो, त्याच्या वाटेवरची ही माणसं. त्यांनी आपल्या लेकरांना अडवलं आणि आपण गाडीच्या काचेआडून त्यांच्या दारावरून जातो. तुम्ही उतरून कुणाशी बोलत नाही, हे खरं. पण तुमची गाडी बंद पडणार नाही, तुमचा पाय मुरगळणार नाही, हे तुम्ही कुणाच्या भरवशावर म्हणता? त्याच पोराच्या. तो धावत येणारच. त्याच्यावर आपण ही वेळ आणायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.

एप्रिलमध्ये एक बडं उद्योगपती कुटुंब, तेवीस जण, पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला आलं. हातात मोठ्या अधिकाऱ्याचं पत्र होतं. तेव्हा सगळा जिल्हा संतापला, तुम्हीही संतापला असाल. त्यांची आणि तुमची बरोबरी मी करत नाही. तुम्ही आजारी आहात, एकटे आहात आणि विचारताय. पण ‘माझं कारण वेगळं आहे’ हे वाक्य त्या पाच गाड्यांतही कुणीतरी म्हणालं असेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलीला तुमच्याइतकीच माहीत असावी. तुम्ही पहाटे उपाशीपोटी निघता, मधुमेहाच्या गोळ्या घेता, तासभर चढ-उताराने चालता. साखर एकदम खाली गेली तर आधी घाम फुटतो, हात थरथरतात, मग डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी तुम्ही धुक्यात एकटे, मोबाइलला रेंज येईल-न येईल, आणि पुढे यवतेश्वरचा घाट उतरायचा. जुलैत तिथे दरडीचे दगड रस्त्यावर येतात. १०८ ला फोन लागला तरी ती गाडी आज कुठल्या पेशंटमागे धावत असेल, सिव्हिलमध्ये किती खाटा मोकळ्या असतील, विचार करा. कुठेही चाला, पण खिशात खडीसाखर ठेवा आणि निघण्याआधी काहीतरी खा.

म्हणजे गाडीला हातच लावायचा नाही? असं मी म्हणत नाही, आणि इथे माझं तुमच्या मुलीशी थोडं जमणार नाही. ज्याचे गुडघे बदललेत, ज्याच्या दोन खोल्यांत सात माणसं आहेत, ज्याच्या घरी मतिमंद मूल आहे आणि ते गर्दीत बिथरतं, त्याने स्कूटरने दीड किलोमीटरवरच्या रिकाम्या सपाट मैदानावर जावं. बोट दाखवणाऱ्याला माझं नाव सांगा. ते आपल्याच पेठेतलं, आपल्याच माणसांतलं अंतर आहे. काही झालं तर धावून येणारा आपला शेजारी असतो. गाडी काढण्यात दोष नाही, आपली वेस ओलांडण्यात आहे. तुमच्या गर्दीवरचा उपायही वेळेत आहे, जागेत नाही. आदेश संध्याकाळी सातपर्यंतचा आहे. दुपारी तीन-साडेतीनला सदर बझारच्या आतल्या गल्ल्यांत कुत्रंसुद्धा नसतं. छत्री घ्या आणि निघा. उपाशीपोटी चालण्याचा धोकाही त्या वेळी टळतो.

आणि रोज तासभर सलग चाललंच पाहिजे असं नाही. तिन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतरच्या साखरेला त्याचा चांगला उपयोग होतो. आमच्याकडे हे गच्चीवर चालतं. आमची गच्ची तीस फूट बाय वीस फूट, कडेने एक फेरी शंभर फुटांची. तेहतीस फेऱ्यांचा एक किलोमीटर. आमचे हे मोजताना चुकायचे आणि चिडायचे, म्हणून मी टाकीच्या कट्ट्यावर दोन वाट्या ठेवल्या. एका वाटीत अकरा चिंचोके. तीन फेऱ्या झाल्या की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. सगळे पलीकडे गेले की किलोमीटर झाला. दर फेरीला दिशा बदलायची नाही, पण एक वाटी संपली की उलटं फिरायचं, नाहीतर एकाच गुडघ्यावर वळण्याचा भार येतो. मार्चअखेरपासून आजपर्यंत आमचा एक दिवस चुकलेला नाही. पावसात जिन्याखालच्या बोळात चालतो, तिथे फेरी बावीस फुटांची आहे आणि मोजायला चिंचोके जास्त लागतात.

मुलीला सांगा, बाईंनी तुझी बाजू घेतली. आणि पंधरा दिवसांनी साखर किती आली ते मला कळवा, मी वाट बघते.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. सायकलने कराडहून वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन येते. हेही ‘लांब’ झालं का?
– कु. अ., कराड

उत्तर : सरकारने सायकलीला मुद्दाम प्रोत्साहन दिलंय, कारण सायकलवर अंतर आपोआप राहतं. तरी तोच आदेश घराजवळच राहा असं सांगतो. मी तुझ्या जागी असते तर एका बाजूला बारा किलोमीटर जाण्याऐवजी घराभोवतीचाच तीन-चार किलोमीटरचा फेरा सहा वेळा मारला असता. चेन तुटली तर सायकल ढकलत घरी येता येतं. पंक्चरचं सामान आणि पाण्याची बाटली स्वतःची. हायवेवर जाऊ नकोस. सध्या ट्रक मोकळ्या रस्त्यावर फार जोरात असतात.

प्रश्न : आयर्विन पुलावर पहाटे फिरायला जाणं आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ. मास्क लावून भरभर चालताना दम लागतो. काढला तर चालेल का?
– एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : पुलावर काढू नका. पूल अरुंद, समोरून येणारा अगदी जवळून जातो, आणि २०२०च्या या करोना नियमांनी तिथे मास्क बंधनकारकच आहे. भरभर चालायचं असेल तर पूल सोडा. घराजवळच्या मोकळ्या जागी, माणसं नसतील अशा वेळी जा. पुलावर जायचंच असेल तर वेग कमी करा, इतका की चालताना बोलता आलं पाहिजे. घामाने मास्क ओला झाला की श्वास आणखी जड होतो, म्हणून दुसरा धुतलेला सुती मास्क पिशवीत ठेवा. छातीत दडपण आलं, तर मात्र मास्कला दोष देत बसू नका. तिथेच थांबा, कठड्याला टेका आणि घरच्यांना फोन करा.