शेजारी गाथा उघडी ठेव

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीचं एक पान वाचायला दहा मिनिटं लागतात, म्हणून कन्नड-हिंदीच काय, मराठी पुस्तकंसुद्धा तू इंग्रजीतून वाचतोस आणि त्याची तुला लाज वाटते. लाज आधी सोडून दे. देशातल्या सगळ्या भाषा कुणालाच येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या भाषेत तुझा कान तयार आहे तिथे इंग्रजीवर थांबू नकोस. आणि तुझा कान मराठीत तयार आहे. आजीशी तू कोणत्या भाषेत भांडतोस ते मला माहीत आहे.

सुरुवात तुकोबांपासून कर. दिलीप चित्र्यांनी अभंगांचं केलेलं इंग्रजी भाषांतर ‘सेज तुका’ (१९९१) घे आणि शेजारी गाथा उघडी ठेव.

आम्हां घरीं धन शब्दाचींच रत्नें ।
शब्दाचींच शस्त्रें यत्नें करूं ॥

मोठ्याने वाच. ‘आम्हां घरीं’ म्हटलं की घर आलं, घरातली माणसं आली, वाण्याच्या घरातली धनाची भाषा आली. चित्र्यांच्या इंग्रजीत ते घर नाही. तिथे एकटा ‘मी’ आहे आणि त्याच्यापाशी शब्दांची रत्नं आहेत. पुढच्या ओळीत तर शस्त्रांच्या जागी अंगावरचे कपडे येतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून गाथा पुन्हा पाहिली होती. शस्त्रेंच होतं.

पण लगेच चुकीचा शिक्का मारून मोकळा होऊ नकोस. चित्रे स्वतः मराठीतले मोठे कवी, तुकोबांच्या सहवासात वर्षानुवर्षं राहिलेले. त्यांच्या ओळींत दागिना, कपडा, घास असं एकेक करत शब्द अंगाशी येत जातात आणि शेवटी लोकांत वाटले जातात. इंग्रजी कविता म्हणून ती सलग उभी राहते, सुंदर आहे. फक्त जो वाचक तिथेच थांबला, त्याच्या तुकोबांच्या हातात शस्त्र नाही. ‘यत्नें’ही गेलं. शब्दांची शस्त्रं आयती मिळत नाहीत, घडवावी लागतात, हे त्या एका शब्दात होतं. अशी एक जागा तू स्वतः शोधलीस, की पुढचं कुठलंही भाषांतर तू वेगळ्या नजरेने वाचशील. ज्या भाषेचं अक्षर येत नाही तिच्यातलंसुद्धा. इथे काहीतरी सुटलं असेल, असा संशय आपोआप येऊ लागतो.

दुसरं पुस्तक अनंतमूर्तींचं ‘संस्कार’. कन्नडमध्ये १९६५ साली आलं, इंग्रजीत ए. के. रामानुजन यांनी १९७६ मध्ये आणलं. नाव त्यांनी बदललं नाही. मात्र त्या शब्दाचे अर्थ सांगायला पुस्तकाच्या आरंभी किटेलच्या कन्नड कोशातली नोंद द्यावी लागली. आपल्याला ती लागत नाही. ‘चांगले संस्कार’ आणि ‘अंत्यसंस्कार’ हे दोन्ही आपण लहानपणापासून बोलतो. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, आचारधर्म झुगारून दिलेला नारणप्पा मरून पडला आहे, त्याचे संस्कार कुणी करायचे यावर सगळं अडलं आहे आणि त्याच प्रश्नात तिथले पंडित प्राणेशाचार्य यांच्या स्वतःच्या संस्कारांची परीक्षा लागली आहे. मराठी माणसाला हा पेच शीर्षकातच कळतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की कन्नड, बंगाली, गुजराती पुस्तक दिसलं की इंग्रजी प्रत घेण्याआधी मराठी अनुवाद आहे का ते विचार. सोवळं, माहेर, आत्याबाई यांना मराठीत टीप द्यावी लागत नाही. भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णींनी मराठीत आणलं. त्यांची कामाची रीत तुला सांगायलाच हवी. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवत, उमाताई ती टेप ऐकत आणि मराठी लिहीत. म्हणजे ते कन्नड डोळ्यांवाटे नाही, कानावाटे मराठीत उतरलं. ‘पर्व’ मोठ्याने वाचून बघ. हळू वाचणाऱ्याला मोठ्याने वाचण्याचा फार उपयोग होतो.

इंग्रजीचा मान मात्र कमी करू नकोस. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) तू जेरी पिंटो यांच्या इंग्रजीतून वाचलंस, छान केलंस. शहरात वाढलेल्या मुलाला बलुतं म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. गावकीची कामं करणाऱ्याला पिकातला हक्काचा वाटा, आणि त्या वाट्यामागची लाचारी. अर्थ आता कळला आहे, तर मूळ पुस्तक उघड. गोष्ट माहीत असली की मराठी पान दहा मिनिटं घेत नाही.

बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासाठी २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ते पुस्तकही तुझ्या यादीत दिसलं. त्यात भास्तींनी कन्नड, उर्दू शब्द तिरप्या अक्षरांत छापू दिले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. अडलास तरी थांबू नकोस, शब्द पुन्हा येतो तेव्हा उलगडतो. आणि या पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटतात, हे लक्षात ठेव. पुस्तक हातात घेतलंस की अनुवादकाचं नाव आधी वाच. तुझ्या पत्रात अकरा पुस्तकं आहेत आणि अनुवादकाचं नाव एकाचंही नाही.

माझ्याकडची गाथा जुनी आहे, बांधणी सुटली आहे, पण पानं सगळी आहेत. पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवतो. पोचली की एक अभंग निवड, दोन्हीकडे वाच आणि तुला अडखळायला लावलेला शब्द मला लिहून कळव. मराठीत लिही, शुद्धलेखनाची काळजी करू नकोस.

तुझा,
काका