ऑफिसातल्या दहा पीसींवर आपसात मेसेज पाठवायचेत. विंडोज ११ वर ‘नेट सेंड’ ही मेसेज पाठवायची जुनी कमांड चालत नाही, ‘एमएसजी’ ही दुसरी कमांड ‘एरर ५’ देते. फायरवॉल (नेटवर्कवरून आत येणारं अडवणारा पहारा) बंद करू का?

नका करू. कुठलीही अडचण आली की ‘फायरवॉल काढून टाका’ म्हणणारे मेंटेनन्सवाले मुंबईत पैशाला पासरी आहेत, आणि तुमच्याकडेही त्यातलाच एक येऊन गेलेला दिसतोय.

नेट सेंड विसरा. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, २००४ साली, त्यामागची मेसेंजर सर्व्हिस मायक्रोसॉफ्टने बंद ठेवली, कारण त्याच वाटेने इंटरनेटवरून जाहिरातींचे पॉपअप घुसत होते. व्हिस्टात तर ती सोयच गेली. एमएसजीचा एरर ५ म्हणजे परवानगी नाही. फायरवॉल आडवी आली तर बहुतेक एरर १७२२ दिसतो. मेसेज ज्या पीसीवर जायचाय तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) ‘टर्मिनल सर्व्हर’खाली ‘अलाउ रिमोट आरपीसी’ १ करा आणि पाठवणाऱ्याचं युजरनेम-पासवर्ड तिथेही तसंच्या तसं बनवा. होम एडिशनमध्ये एमएसजी नसतंच. इतकं करून हाती काय, तर एकतर्फी खिडकी. ओके दाबलं की गेली, उत्तर द्यायची सोय नाही.

त्यापेक्षा आयपी मेसेंजर टाका. जपानी आहे, फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, इंटरनेट गेलं तरी चालतं. त्याची ये-जा पोर्ट २४२५ या दारातून: मेसेज यूडीपीवर, फाईल टीसीपीवर (डेटा पाठवायच्या दोन पद्धती). चालू झाला की नेटवर्कभर हाक मारतो आणि जे ‘ओ’ देतील ते यादीत दिसतात. ‘सील’वर टिक केली की समोरच्याने मेसेज उघडल्याचं तुम्हाला कळतं, म्हणजे ‘मला मिळालाच नाही’ हे ऐकावं लागत नाही.

यादीत अर्धेच लोक दिसले तर मात्र सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका. फोर्टमधल्या जुन्या इमारतीतलं एक ऑफिस: खाली सहा पीसी, पोटमाळ्यावर चार. खालच्यांना खालचेच दिसायचे, वरच्यांना वरचेच. मेंटेनन्सवाल्याने दहाही फायरवॉल बंद केल्या. फरक शून्य. वरून खाली पिंग (दुसरा पीसी उत्तर देतो का ते बघणारी हाक) जात होता, तेवढ्यावर ‘नेटवर्क ओके आहे’ म्हणून मोकळा झाला. खालून वर पिंग करून बघायचं त्याला सुचलं नाही. तो जातच नव्हता. आयपीकॉन्फिग (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दाखवणारी कमांड) मारल्यावर दहा सेकंदांत उलगडा: खालचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू, वरचे १९२.१६८.० ने. पोटमाळ्यावर वायफाय पोचावं म्हणून दुसरा राउटर आणला होता आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टात, त्या वेगळ्या रंगाच्या भोकात, खुपसली होती. म्हणजे वर वेगळंच नेटवर्क. इंटरनेट झकास चालतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण आयपी मेसेंजरची हाक राउटर ओलांडत नाही, फायरवॉल असो वा नसो.

इलाज पाच मिनिटांचा, फक्त क्रम चुकवू नका. खालची वायर काढा. वरच्या राउटरचा स्वतःचा आयपी १९२.१६८.१.२ करा (खालचा राउटर हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना ते बघून), मग त्याचं डीएचसीपी (पीसींना पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि शेवटी ती वायर लॅन पोर्टात, म्हणजे बाकीच्या भोकांपैकी एकात, लावा. वायर आधी हलवलीत तर एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी पत्ते वाटत बसतात आणि खालच्यांचंही इंटरनेट जातं. नंतर वरचे पीसी रीस्टार्ट. वर प्रिंटरला हाताने आयपी दिला असेल तर तोही बदला, नाहीतर प्रिंट थांबल्याचं खापर मेसेंजरवर फुटेल.

फायरवॉलचा दोष कधी असतो? विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं आणि आयपी मेसेंजरला परवानगी फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कवर दिलेली असते तेव्हा. मग तुमचे मेसेज जातात, समोरच्याचे येत नाहीत. नेटवर्क प्रायव्हेट करा, झालं. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर तोही कुणाला दिसणार नाही. तिथे राउटरच बहुधा एकमेकांशी बोलू देत नाही.

हे सगळं स्वतःच्या ऑफिसासाठी. कंपनीचा आयटी विभाग असेल तर पोर्ट २४२५ उघडण्याआधी त्यांना विचारा.