बाळंतिणीचं डोकं दुखतंय आणि सीटी नॉर्मल आहे

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या वहिनी आठवल्या. बहिणीचं बाळ तीन आठवड्यांचं, चार दिवस डोकं ठणकतंय, कॅज्युअल्टीत इंजेक्शन दिलं, सीटी नॉर्मल, 'पित्त आहे' म्हणून घरी. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बीपी मोजलं असेलच. नसेल तर आधी ते. बाळंतपणानंतरही ते चढतं.

आम्हाला नडला तो कॅज्युअल्टीचा केसपेपर. त्यावर 'डोकेदुखी, उलट्या' एवढंच. वहिनी बाळंतीण आहेत असं भाऊ सांगत होता, पण काउंटरवर 'इतर आजार'पुढे 'नाही' लिहून मोकळे. बाळंतपण हा आजार थोडाच! ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तोच कागद प्रमाण मानला. इंजेक्शनने वहिनींना बरं वाटलं, म्हणजे गंभीर काही नाही, असा निष्कर्ष. अहो, गंभीर कारणाने दुखणारं डोकंही इंजेक्शनने तात्पुरतं उतरतं!

दुसऱ्या हॉस्पिटलात पहिलाच प्रश्न आला, "बाळ केवढं?" मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी निघाली. बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं, पहिले सहा आठवडे जास्तच. साध्या सीटीत अशी गुठळी बऱ्याचदा दिसत नाही, व्हेनोग्राम, म्हणजे शिरा दाखवणारा स्कॅन, करावा लागतो. एमआरआयवर किंवा सीटीवर. गुठळी वाढू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली, अंगावर पाजणंही चालू राहिलं.

तुमच्या बहिणीला हेच असेल असं नाही. कमरेत भूल दिली असेल तर त्यानेही डोकं दुखतं. ते बसल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर उतरतं. पण ठरवू दे न्यूरॉलॉजिस्टला, आणि आजच. 'बाळंतीण, तिसरा आठवडा' हे केसपेपरवर लिहिल्याशिवाय काउंटर सोडू नका, वाद झाला तरी चालेल. फिट आली, नजर धूसर झाली, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर थेट १०८.

आणि तिला पाणी द्या हो! बाळंतिणीने पाणी कमी प्यावं असं सांगणाऱ्या मावश्या आमच्याकडेही होत्या. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीचा धोका वाढतो, हे त्यांना कोण सांगणार?

जाताना सीटीच्या फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. आम्हाला 'उद्या या' म्हणाले होते. भाऊ तिथेच बसून राहिला, तेव्हा मिळाली.